सांडलेले ह

पहिल्या आठवड्यात मी त्यांना रोज दोनदा जेवू घातलं.
"आय'म आफ्टर माय डिनर," ते म्हणायचे,
आणि कॉव्हेन्ट्रीत याचा अर्थ एकच, माणूस जेवण मागतोय.
मी दुसरं ताट आणायचे. उकडलेले बटाटे, मटार, हॅमचा काप.
ते ताटाकडे बघायचे, मग माझ्याकडे,
आणि भिडस्त पाहुण्यासारखे मुकाट खायचे.
वजनाचा तक्ता चढला, नर्सने विचारलं,
तेव्हा कळलं, लिट्रिमकडे 'आफ्टर' म्हणजे उरकलं.
आत्ताच. पोट भरलं.

युजीन मॅकगव्हर्न, खोली नंबर चौदा.
त्यांच्या आजीला आयरिश यायची ती जपमाळेपुरती.
भाषा गेली,
वाक्यं मात्र तिच्याच वाटेने चालत राहिली,
विहीर बुजवल्यावरही गवतात पायवाट राहते तशी.

गोळ्या कुठे ठेवल्या विचारलं तर म्हणाले, प्रेसमध्ये.
मी इस्त्रीच्या खोलीत जाऊन आले,
वर्तमानपत्रांची चळत उपसली.
प्रेस म्हणजे कपाट, बाई. साधं कपाट.
"मेसेजेस आणलेस का?"
मी फोन बघितला.
त्यांना पाव आणि दूध हवं होतं.

एकदा कप निसटला.
"स्मिदरीन्स," ते फरशीकडे बघत म्हणाले.
हा तरी आमचा शब्द, मी काचा भरताना म्हटलं,
माझी आई म्हणायची, तिचीही आई.
"तुमचा?" ते पहिल्यांदाच हसले, कवळीसकट.
"स्मिदिरीनी. बारीक बारीक तुकडे.
शाळेत छडीखाली शिकलोय.
लपूनछपून आला असेल तुमच्याकडे, बोटीच्या तळाशी.
मी तिकीट काढलं होतं."

मग तो फॉर्म. पत्नीचं नाव?
हॅना.
"हेच, ए, एन, एन, ए, हेच."
माझं पेन थांबलं.
'हेच' म्हणणाऱ्या पोराला मिस पेनक बाकावर उभं करायच्या,
एच, एच, एच, हवेशिवाय, कोरडा.
आणि घरी तर आम्ही ती हवा शब्दांतूनही काढून टाकलेली:
वडील 'ॲमर' मागायचे,
आईचं 'आर्ट' धडधडायचं.
इंटरव्ह्यूच्या आदल्या रात्री मी आरशापुढे
'हॉस्पिटल' चाळीस वेळा म्हटलं होतं.
जन्मभर मी सांडत आलेले ह
या म्हाताऱ्याने जणू उचलून ठेवले होते,
बायकोच्या नावाच्या दोन्ही टोकांना,
उशाला एक, पायथ्याला एक.

रविवारी बहीण फोन करते. ब्रिजी, एक्याण्णव वर्षांची.
स्पीकरवर तिचं हसू खरखरतं:
"ऐकलंस गं त्याला? पक्का इंग्रज झालाय!
निम्मं बोलणं कळत नाही."
ते काही बोलले नाहीत.
टीव्हीकडे बोट केलं, कुठली तरी जुनी 'फिलम' लागली होती.

आज सकाळी नाश्त्याला काय आणू विचारलं.
मेन्यूवर छापलंय 'बेकन रोल'.
"बेकन बॅच," ते म्हणाले.
बॅच!
लंडनमध्ये मागा, दुकानदार विचारेल, कसली तुकडी?
हा आमच्या गल्लीतला शब्द, पीठ लागलेल्या हातांचा,
कारखान्याच्या कँटीनमध्ये बत्तीस वर्षं रांगेत उभं राहून
त्यांनी तो कधी घेतला,
त्यांना तरी कुठे माहीत.

बॅचला लोणी कमी पडलं, अशी तक्रार आहे.
मी नोंदवहीत लिहिली.
त्याच पानावर, 'मातृभाषा' या रकान्यात,
कोणीतरी 'इंग्रजी' लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाकलंय.
मी ते खोडलं नाही.
माझ्या फॉर्मवर कोणाला सुचलं नाही ते.